कडी गोविंदाकडेच राहील

मी, रखमाजी गेणू भोते, फौजेतून निवृत्त हवालदार, वय ७१, राहणार परंदवडी, ता. मावळ, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. मध्ये ते नव्हते. ज्यांनी ते जागेवर आणले त्यांचीच नावे पुढे येतील.

१. जिराईत जमीन आणि बँकेतली ठेव माझी एकुलती मुलगी तेजल (वराळे) हिला. मेडलेही तिलाच. नातवंडांना खेळायला दिली तरी माझी हरकत नाही.

२. लोणावळ्याच्या ज्या बंगल्यावर मी निवृत्तीनंतर वॉचमन होतो, तिथल्या मॅनेजरला काहीही नाही. थर्टीफर्स्टला पाहुण्यांनी फटाक्यांची माळ लावली आणि मी "लेट जाओ!" ओरडत दोन शेठ लोकांना हिरवळीवर आडवे केले. मॅनेजर पोट धरून हसला आणि सकाळी त्याने मला काढून टाकले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र सरहद्दीच्या चौकीवर मारले गेलेले माझे साथीदार होते. घरी येऊन दाराला आतून कडी लावली. बायको आधीच वारलेली. मला जगायचे नव्हते. हे स्पष्ट लिहितो, कारण लपवल्याने ते वाढते.

३. ठाकरवाडीतल्या गोविंदा सुताराने दार बडवून बडवून मला उघडायला लावले. आत आला आणि माझ्याकडे न बघता दाराकडे बघत म्हणाला, "भाऊ, कडी गंजलीया. काडून नेतो, उद्या नवी आनतो." तो उद्या अजून उजाडलेला नाही. विचारले की "दुकान बंद व्हतं", नाहीतर "तसली कडी आता मिळत न्हाई". फौजी माणसाला इतकी वर्षे बनवणारा हा एकच. त्याला माझी सायकल. कडी त्याच्याकडेच राहील.

४. शेजारीण नंदाबाई. हिच्या गोठ्यात चार म्हशी, तरी कडी निघाल्यापासून रोज सकाळी थेट चुलीपर्यंत येऊन विचारायची, "भावजी, इरजान हाय का?" मी जिवंत आहे का ते बघायला येते, हे मला कळत होते आणि मला कळते हे तिलाही ठाऊक होते. मग मी रोज रात्री दुधाला विरजण लावू लागलो. ती मागणार म्हटल्यावर सकाळी उठणे आलेच. तिला माझा फ्रिज.

५. नुसत्या मायेने भागत नाही, औषधही लागते. ते तळेगावच्या डॉ. समीक्षा येवले यांनी दिले. दवाखान्याच्या वाटेवर गावाने मला कधी एकटे सोडले नाही. आणि गौरवचा बँड! वरात माझ्या घराशी आली की बँड मुका, फटाके बंद, नवरदेव घोड्यावर गपगार. देवळापाशी गेल्यावर पुन्हा दणका. असली शिस्त मी पलटणीतही पाहिली नाही. या गावाचा मला अभिमान आहे. माझ्या अंत्ययात्रेला मात्र गौरवने माझ्या दारातच दणकून वाजवावे. फटाके नकोत. खांद्याला संदेश असेल.

६. संदेश आमच्याच गावचा जवान. गेल्या वर्षी सरहद्दीवरून परतला, दोन मित्र तिकडेच ठेवून. दिवसाही त्याची कडी लागलेली असते. त्याची आई आरतीबाई खिडकीत जेवणाचे ताट ठेवते. मी संध्याकाळी त्याच्या पायरीवर बसतो. तो आतून म्हणतो, "आबा, जावा तुमी." मी जात नाही.

माझे राहते घर अशा परतलेल्या फौजींसाठी राहील: बसायला, पडायला, गप्प राहायला. त्या दाराला आतून कडी कधीही बसवू नये. तेजलची संमती आहे. या घराचा आणि मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी संदेशला नेमतो. अटी दोन. एक, त्याने माझ्या मागे जिवंत राहायचे. दोन, स्वतःच्या दाराची कडी स्वतः काढून गोविंदाला द्यायची. मला जायची घाई नाही, आणि मी जाईपर्यंत तो बांधलेला आहे. सह्या झाल्यावर हा कागद त्याच्या दाराखालून आत सरकवीन.

ठिकाण: परंदवडी. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५.

(सही) रखमाजी गेणू भोते

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली:
१. डॉ. समीक्षा येवले, तळेगाव
२. गौरव भोते, बँडवाले, परंदवडी

व्यवस्थापकाचा शेरा, दिनांक ११ फेब्रुवारी:
दोन्ही अटी मान्य. कडी गोविंदाकाकांना दिली. नंदामावशींना सांगा, रात्री विरजण लावतो.
(सही) संदेश