राजूरच्या पुढचं वळण

राहाता
५ ऑगस्ट २०२४

ती. मामांना सा. न. वि. वि., आणि मामींना त्याहून एक नमस्कार जास्त, कारण पोस्टमनला चहा पाजून हे पत्र घरात त्याच आणणार.

या जमान्यात पत्र कसलं, असं तुमच्या मनात येईल. पण वर्ष झालं, फोनवर तुमचा आवाज नाही. कान गेल्यापासून तुम्ही मोबाईल हातातसुद्धा धरत नाही असं मामी सांगतात, आणि आमचं बोलणं त्या तुम्हाला ओरडून सांगायला लागल्या की तुम्ही उठून मागच्या खोलीत जाता. म्हटलं, कागदावर तरी कुणाला ओरडावं लागत नाही.

बातमी मोठी आहे. मी गाडी शिकले! पेरूच्या बागेत ये-जा करायला ह्यांनी जुनी सात सीटची गाडी घेतली आणि चालवते मी. हे शेजारी बसून दोन्ही पाय असे रोवून धरतात की ब्रेक त्यांच्याच बाजूला आहे असं वाटावं.

तर आमच्या शेजारचे हिमाचलला जाऊन आले आणि आठवडाभर मोबाईलमधले फोटो दाखवत होते. दिशाने सगळे बघितले आणि मला विचारलं की आपल्या जिल्ह्यात जंगल आहे का. पोरगी सहावीत गेली, मामा, आणि आलेल्या पाहुण्यांबरोबर शिर्डीला जाण्यापलीकडे तिने काही पाहिलेलं नाही. त्याच दिवशी ठरवलं. पितृपंधरवड्यात, पेरूची तोड सुरू व्हायच्या आत, चार दिवस निघायचं. जंगल, झरे, नद्या, एवढंच. पहिल्या दिवशी सकाळी भंडारदरा आणि संध्याकाळी निघोजचे रांजणखळगे, मग वडगाव दर्याचा झरा, आणि शेवटी रेहेकुरीची काळविटं. वाटेत खरेदी नाही की कुणाचा वाढदिवस नाही.

आता दोन विनंत्या. जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता तुमच्या एसटीने झिजवलाय, तेव्हा मार्ग तुम्ही आखून द्या. आणि तुम्ही दोघं आमच्याबरोबर चला. पहिली नाही ऐकलीत तरी चालेल, दुसरी ऐकाच.

लोभ असू द्यावा, आणि उत्तर लवकर धाडावं.
आपली भाची,
पंकजा


श्रीगोंदा
१३ ऑगस्ट २०२४

चि. सौ. पंकजास अनेक आशीर्वाद. ज्ञानेश्वररावांना नमस्कार, चि. दिशाला गालगुच्चा.

तू गाडी शिकलीस ते पान मी दोनदा वाचलं. शाब्बास! फक्त एक लक्षात ठेव, आरसा हा पदर सारखा करायला दिलेला नसतो.

तुझा बेत मात्र मोबाईलच्या नकाशावरचा दिसतो. सकाळी भंडारदरा आणि त्याच दिवशी निघोज? नकाशाला घाट चढावा लागत नाही, बाई. उलटं कर. आधी आमच्याकडे श्रीगोंद्याला मुक्कामाला ये. दुसऱ्या दिवशी पहाटे रेहेकुरी, उन्हं चढायच्या आत. मग पारनेरकडे वळून निघोज आणि वडगाव दर्या. तिथून संगमनेर, अकोले, राजूर, भंडारदरा. असं गेलं की सकाळचा सूर्य पाठीशी राहतो, डोळ्यांत येत नाही. राजूरच्या पुढे दुसरा गिअर सोडायचा नाही, आणि वळणावर गाडी उभी करायची नाही. कितीही काही दिसो.

आणि पितृपंधरवडा निवडलास, धन्य आहेस! वाटेवर नातेवाईक किती ते बघ, पारनेरला गोरक्षनाथभाऊजी, संगमनेरला आपला कल्याण, अकोल्याला ज्योतीचं सासर. वाटेवरच्या प्रत्येक घरात कुणाचं ना कुणाचं पित्र असणार, आणि गावावरून जाऊन जेवायला थांबला नाहीत तर जन्माचं वैर. चार दिवसांत तुम्हाला एकच झरा दिसेल, तो खिरीचा. म्हणून कुणाला कळवू नकोस. गावाबाहेरून जाणारे रस्ते मागच्या पानावर काढून दिले आहेत.

आमच्या येण्याचं म्हणशील तर अकोले डेपोत होतो तेव्हा भंडारदऱ्याची गाडी माझ्याकडेच असायची. मला त्यात नवीन काय? तुम्ही पोरं बघून या.

लोभ भरपूर आहे. टाकीही तशीच भरून निघ.
तुझा मामा,
भिमाजी

पंकजा, खाली मी मामी लिव्हती. नवीन काय म्हनं! ह्येंला कुटंच जायाचं नसतंय. मागं पारावर कुनीतरी कायतरी इचारलं, ह्येनी भलतंच उत्तर दिलं आन मानसं हसली. तवापास्नं पार सुटला, लग्नंकार्यं सुटली. मागच्या खोलीत भिंतीकडं बघत बसत्यात. कानाचं मशीन कपाटात हाय. तू त्येंला सोडू नको बाई.


राहाता
२२ ऑगस्ट २०२४

ती. मामांना व मामींना सा. न. वि. वि.

तुमचा मार्ग मिळाला आणि आमच्याकडे सगळे गार पडले. सूर्य पाठीशी ठेवायचा हे ह्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून झालं, जसं काही त्यांनाच सुचलंय. कुठे रस्ता अरुंद, कुठे चहा बरा, कुठे गुरं रस्त्यावर बसतात, सगळं तुम्हाला पाठ! तुम्हाला विनाअपघात सेवेचा बिल्ला का मिळाला ते आता कळलं. दिशाने तो बिल्ला बघायचाच म्हणून हट्ट धरलाय.

ती तुमच्यासाठी एक पाटी घेऊन येणार आहे. गाडीत जे काही बोलणं होईल ते लिहून दाखवीन म्हणते. तेव्हा एकटं पडण्याचं कारण सांगू नका.

एक विचारायचं राहिलं. राजूरच्या पुढच्या त्या वळणावर नेमकं दिसतं तरी काय? पोरीला कुठल्या खिडकीत बसवू? तुम्ही ते रोज पाहिलंय, जरा नीट लिहा.

लोभ आहेच, तो प्रवासात सोबत घेऊन यावा.
आपली,
पंकजा


श्रीगोंदा
३० ऑगस्ट २०२४

चि. सौ. पंकजास अनेक आशीर्वाद.

त्या वळणावर काय दिसतं म्हणून विचारलंस. तुझं पत्र बरेच दिवस उघडंच ठेवलं होतं. खोटं लिहायला हात धजेना. पंकजा, मी ते पाहिलेलं नाही.

गच्च भरलेली गाडी, एका अंगाला दरी, रस्ता जेमतेम. ड्रायव्हरने बाजूला बघितलं की कारभार आटोपला. तो बिल्ला मिळाला तो याच्यामुळेच, डोळा रस्त्यावरून हलला नाही. पण मला कळायचं. वळण आलं की गाडी दरीच्या बाजूला किंचित कलायची, कारण सगळे उठून त्या खिडक्यांशी जायचे. मग पाठीमागून आवाज यायचा, अगंबाई! म्हाताऱ्या, दूधवाले, मास्तर, पोरंटोरं, सगळ्यांचा मिळून एक. रोजचे प्रवासीसुद्धा. मी समोर बघत मनाशी म्हणायचो, आज धबधब्यांना पाणी चांगलं आहे. आवाज बारीक आला की समजायचं, पाऊस ओसरला. माझं भंडारदरा तेवढंच, पाठीमागून ऐकलेलं. पण मला ते फार आवडायचं. वळण जवळ आलं की मी गाडी मुद्दाम हळू घ्यायचो, म्हणजे लोकांना जरा जास्त वेळ मिळावा.

आता तो आवाजही गेला. मग तिथे जाऊन मी करू काय? तुम्ही वाहवा कराल, मी तुमच्या तोंडाकडे बघत बसेन, आणि पोरगी पाटीवर धबधबा असं लिहून दाखवेल. नको गं. तुझा जीव आहे हे कळतं, पण आग्रह करू नकोस. रस्ता माझा घ्या आणि तुम्ही जाऊन या.

लोभात अंतर नाही, एवढं मात्र समजून घे.
तुझा,
भिमाजीमामा

पंकजा, ह्ये लिव्हून ह्येनी ताट सारलं आन तसंच झोपले. आता एक सांगू का? मीबी त्ये बघितलेलं न्हाई. त्ये अकोल्याला, मी हितं सासूसासऱ्यासंगट, शेरडं आन ज्वारी. डायवरची बायकू, फुकटचा पास, पन माझी गाडी माहेराच्या फुडं कदी गेलीच न्हाई. ह्ये नगं म्हनले की दोगांचंबी नगं झालं. मला कुनी इचारलंच न्हाई.


राहाता
६ सप्टेंबर २०२४

सौ. मामींना सा. न. वि. वि.

या खेपेला पत्र तुमच्या नावाचं आहे. मामांनी वाचलं तरी चालेल. खरं तर वाचावंच.

मामी, चुकलं माझं. पहिल्या पत्रापासून मी मामांच्या मागे लागले आणि तुम्हाला गृहीत धरलं. आता विचारते. तुम्ही येता का? मी पंधरवड्यात श्रीगोंद्याला तुम्हाला घ्यायला येणार आहे, एकट्या तुम्हाला. शेरडांचं शेजारी सांगून ठेवा. मामांसाठी चटणी-भाकरी करून ठेवा, ती त्यांना मागच्या खोलीत बसून खाता येईल. त्यांना स्वतःपुरतं नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. तुमच्या वतीने नाही म्हणायचा नाही.

पुढची सीट तुमची. ह्यांना मागे बसवते, म्हणजे माझ्याही डोक्याला शांतता आणि ह्यांच्या पायांनाही आराम.

लोभ तुमचा आजवर कमी पडलेला नाही, या वेळी होकारही कमी पडू नये.
तुमची,
पंकजा


श्रीगोंदा
१४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. पंकजास आशीर्वाद. या वेळी जरा हात राखून देतोय.

तुझी मामी निघाली. इरकल काढून उन्हात टाकली आहे. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं, तेही खुणेने. दोघींनी मिळून मला बरं कोंडीत धरलंत.

आता तिच्याबद्दल नीट वाच. तिला गाडी लागते. माहेरच्या वाटेवरसुद्धा लागायची. आवळ्याची सुपारी तिच्या जवळ नको, तुझ्या जवळ ठेव, नाहीतर ती सगळ्यांना वाटून टाकते. घाटात खिडकी उघडी हवी, पण वारा कानाला लागला की डोकं चढतं, म्हणून कानाला पदर. तहान लागली तरी सांगत नाही, विचारलं तरी नाही म्हणते, भांडं सरळ हातात द्यायचं. वडगाव दर्याला पायऱ्या उतरताना तिला उजव्या अंगाने धर, तो गुडघा दगा देतो. आणि दुधाचा चहा सकाळी अजिबात नको, मागाहून पश्चात्ताप होतो, तिला नाही, आपल्याला.

हे एवढं तुझ्या ध्यानात राहणार नाही. तू रस्ता बघशील की हिला बघशील? ज्ञानेश्वररावांना तिच्या तब्येतीतलं काय कळतं? म्हणून मी येतो. हिच्यासाठी येतो, डोंगरासाठी नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव. मी मागे बसेन. पाटी आणायची नाही.

लोभ आहे, पण तूर्त तो मामीच्या नावावर मांड.
तुझा,
मामा


श्रीगोंदा
५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. पंकजास अनेक अनेक आशीर्वाद. ज्ञानेश्वररावांना नमस्कार. चि. दिशाला एक खडूची पेटी वेगळी पाठवतो आहे.

आम्ही सुखरूप पोचलो. तुझ्या मामीला चार दिवसांत एकदाही उलटी झाली नाही, तेव्हा मी कशासाठी आलो होतो असं सगळे विचारतात. विचारू देत. तुझा हात चांगला स्थिर आहे. माझ्या डेपोत असतीस तर घाटाची गाडी मी डोळे झाकून तुझ्याकडे दिली असती.

रेहेकुरीचा नर डोळ्यांपुढून हलत नाही. काय ती काळीभोर पाठ आणि काय ती उडी! जमिनीला पाय टेकवतो ते नुसतं आपल्यावर उपकार म्हणून. तिथे सगळेच गप्प उभे होते, त्यामुळे मला काही कमी पडलं नाही. वडगाव दर्याला खडकातून थेंब थेंब पाणी गळतं, ते दिशाने माझ्या तळहातावर धरलं. निघोजच्या नदीने दगडात रांजण कोरलेत, तसे कुंभाराला या जन्मात जमणार नाहीत. अकोल्यात ज्योतीच्या सासऱ्यांनी चौकात गाडी अडवलीच, ती खीर अजून पोटात आहे.

आता वळणाचं. तू आम्हा दोघांना अलीकडे मोकळ्या जागेत उतरवलंस आणि बाकीच्यांना घेऊन गाडी लावायला पुढे गेलीस. वळणावर थांबली नाहीस, शाब्बास. तुम्ही चालत परत येईपर्यंत तिथे काय झालं ते तुला सांगायचं राहिलं.

कठड्याशी बरीच माणसं होती. मी डोंगर पाहिला. कड्यावरून पांढऱ्या धारा, मोजायला घ्याव्या तर चुकतील इतक्या, आणि खाली उतारभर सोनकीची पिवळी फुलं. पाहिलं, पोटभर पाहिलं. आणि मग मी कठड्याला पाठ लावली आणि माणसांकडे तोंड करून उभा राहिलो. पंकजा, सगळी नोकरी तो आवाज माझ्या पाठीमागून आला. तो काढताना माणसाचं तोंड कसं होतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. एक चांगला जाडजूड साहेब, त्याचं तोंड लहान पोरासारखं उघडं. एका म्हातारीने हात जोडलेले. दोन पोरं भांडत होती, ती भांडायचंच विसरली. आणि तुझी मामी. पदर तोंडाशी धरलेला, डोळे भरलेले, कुठे हलेना. इतका संसार झाला, पण हिला मी असं पाहिलेलं नव्हतं. मला ऐकू काही आलं नाही. पण त्या दिवशी कानांची आठवणही झाली नाही.

काल पारावर गेलो होतो. मीच बोललो, बाकीचे ऐकत होते. ते मला सोयीचं पडतं.

लोभ असाच ठेव, आणि गाडीचं तेल वेळेवर बदल.
तुझा मामा,
भिमाजी

पंकजा, पाकीट चिकटवाया माझ्याकडं दिलंय, म्हनून मागल्या कोऱ्या अंगाला लिव्हती. ह्येनी एक लिव्हलं न्हाई, कारन त्येंला ठावंच न्हाई. कठड्याशी गेल्याबरूबर ह्येनी केवढ्यांदा अगंबाई म्हनलं! त्येंला आपला आवाज कुटं कळतोय? लांबची मानसंबी वळून बघाया लागली. मी म्हनलं आता हसत्यात. पन कोन न्हाई हसलं. एक म्हातारी त्येंच्याकडं बघून डोंगराकडं वळली आन तिनंबी तसंच म्हनलं, मंग बाकीच्यांनीबी. त्येंला ह्यातलं काय सांगू नको.

आन मी पदर तोंडाशी धरला म्हनून लिव्हलंय न्हवं? तवा मी डोंगराकडं बघतच नव्हते.

तुजी मामी,
झुंबरबाई