बाबा, तुम्ही पास झाला नव्हता

बाबा, तुमच्याबद्दल मी लेकीशी एक खोटं बोलले होते. मागच्या सोमवारी ते उघडं पडलं, म्हणजे मीच उघडं केलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. हे पत्र कुठे पोचायचं नाही हे मला कळतं. लेकीच्या सरावाच्या पेपरांची एक बाजू कोरी असते, तो गठ्ठा मी रद्दीत जाऊ देत नाही, घरखर्च त्याच्यावरच मांडते. आज त्यातलीच चार पानं घेऊन देवघरासमोर बसले आहे.

तुमची ही नात, जी तुम्ही पाळण्यातच पाहिली, सीएच्या शेवटच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाली. पहिल्या वेळी ती रडली, दुसऱ्या वेळी जेवली नाही. या वेळी मात्र निकाल पाहून ती गुपचूप भांडी घासायला बसली, आणि मला तेच जास्त लागलं. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा तिला उभारी यावी म्हणून मी म्हटलं होतं, तुझे आजोबा अकोल्यात वायरमन होते, परवान्याच्या परीक्षेत चार वेळा नापास झाले आणि पाचव्यांदा पास झाले. एवढं मोठं खोटं, पण बोलताना जीभ अडखळली नाही. तिने ते धरून ठेवलं. मैत्रिणींना फोनवर सांगायची, "माझे आजोबा पाचव्या अटेम्प्टला निघाले होते." मी भाजी चिरत ऐकायची आणि मान खाली घालायची.

सोमवारी फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते. मी कणीक मळत होते. ती ओट्याला टेकून म्हणाली, "आई, आजोबांचा तो परवाना मामाकडे असंल न? मले त्याचा फोटो मागवून दे. टेबलासमोर लावते, मग भरते फॉर्म. नाही तं आता माह्या हातून होत नाही." मोर्णा नदीच्या पुरात गेला, असं मला म्हणता आलं असतं. अकोल्याच्या जुन्या शहरात राहिलेल्या माणसाचं ते कोणालाही पटतं. पण हात कणकेत तसेच राहिले आणि मला आपली दोन खोल्यांची जागा दिसायला लागली.

आई स्टोव्हवर भाकरी टाकून राहिली आहे. तुम्ही पाटावर मांडी घालून बसला आहात आणि मी, पाचवीतली पोर, तुमचं गाईड धरून मास्तरीण झाले आहे. मी विचारते, "अर्थिंग काहून करतात?" तुम्ही म्हणता, "नाही केलं तं माणूस मरते." मी म्हणते, "असं नाही लिहिलं. दोषयुक्त विद्युतप्रवाह सुरक्षितपणे जमिनीत जावा म्हणून, असं लिहिलं आहे." तुम्ही म्हणता, "मंग तेच तं सांगून राहिलो मी." आई तोंडाला पदर लावून हसते. लेखी परीक्षा तुम्ही कशीबशी काढायचे, हातच्या कामात तर कोणी तुमची बरोबरी करू नये, पण तोंडी परीक्षेला साहेबांसमोर बसलं की पुस्तकातले शब्द तुमच्या जिभेवर येतच नसत. अख्ख्या घराची वायरिंग तुम्ही करायची आणि कागदावर सही ठेकेदाराची. "एक डाव परवाना भेटला की कागदावर माह्यं नाव राहीन," एवढंच तुमचं मागणं.

आणि नापास झालात की तुम्ही ते लपवायचे नाहीत. गल्लीतले शिंपी चाचा मशीन थांबवून विचारायचे, "क्या हुआ, उस्ताद?" तुम्ही सायकलवरून उतरून सांगायचे, "गेली यंदाबी. तोंडीतच गेली." चाचा म्हणायचे, "साहब को मुँह मत दिखाओ, हाथ दिखाओ." मग दोघं हसायचे. मला मात्र लाज वाटायची, मी दुसऱ्या गल्लीने शाळेत जायची. सहावीत गणिताचा पेपर मी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला आणि आईला सापडला, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला होता. "नापास झाली त्याचं काही नाही. लपवलं काहून? मी लपवतो का?" तुम्ही जे आयुष्यभर लपवलं नाही, ते मी तुमच्या माघारी लपवलं, बाबा. तुम्हाला न विचारता पास करून टाकलं.

म्हणून मी हात न धुताच तिला सांगितलं की परवाना नाही, कधी नव्हताच, आजोबा पाचव्यांदाही नापास झाले.  ती म्हणाली, "तुह्या देवाले चालते का असं खोटं?" मी, दोन वेळा आंघोळ करून पोथी वाचणारी बाई, पुन्हा कणीक मळायला लागले. ती खोलीत गेली. मंगळवारी बोलली नाही. बुधवारी सकाळी चहाचा कप घेताना तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "मग जात कशाले होते ते दरसाली?"

मी म्हटलं, ते मला माहीत नाही, मी कधी विचारलंच नाही. पण तिसऱ्या वेळी परीक्षा देऊन आलात तेव्हाचं मी तिला सांगितलं. पाय धुतले आणि थेट पहार घेऊन मागच्या मोरीपाशी गेलात. आपल्याच घराची अर्थिंग उकरून काढली आणि नवी केली. आई ओरडत होती की जेवून तरी घ्या. तुम्ही म्हणालात, "साहेबानं इचारलं तवा समजलं, आपलीच चुकली होती. पोरं या नळाले हात लावतात."  तिने कप विसळून पालथा घातला. दुपारी मी पोळ्या लाटत असताना आली, "भरला फॉर्म," म्हणाली. "त्यांचे पाच झाले, माह्ये तं तीनच." आणि ताटात स्वतःहून पोळी वाढून घेतली.

पण तिला मी सगळं सांगितलेलं नाही. परीक्षा इथे अमरावतीला असायची, आणि शेवटच्या दोन वेळी तुम्ही मला सोबत आणायचे. वर्षातून तेवढा एकच दिवस तुम्ही सकाळपासून अंधार पडेपर्यंत माझे असायचे. एसटीत खिडकी मला, स्टँडवर आलुबोंडा दोघांत एक. परीक्षेच्या आधी देवीच्या देवळात न्यायचे आणि म्हणायचे, "माग काय मागायचं ते." मी फ्रॉक मागायची, आईचा खोकला जाऊ दे म्हणायची. तुम्ही पास व्हावं हे मी एकदाही मागितलं नाही. पास झाले असते तर आपलं अमरावतीला येणं बंद झालं असतं. सहाव्या वर्षी तुम्ही फॉर्म भरला नाही आणि मी फार रडले, आईला वाटलं तुमच्यासाठी रडते.

आता त्याच अमरावतीत माझा संसार आहे. पोरगी पास झाली की पुण्याला जाणार, तिचं ठरलेलं आहे. रोज दिवा लावून तिच्यासाठी हात जोडते, तब्येत मागते, बुद्धी मागते, गावातलंच चांगलं स्थळ मागते. पास होऊ दे, एवढं म्हणायचं मात्र आजही राहिलं.