तू न पाहिलेला ऑरेगॉनचा डोंगर

आई, ऑरेगॉनच्या त्या बर्फाच्या डोंगरावर तू कधी गेलीच नव्हतीस, हे मला या पावसाळ्यात कळलं. तू जाऊन नऊ वर्षं झाली, बाबांना त्याहून तीन जास्त. पर्यटकांचा हंगाम संपला, मी खोल्यांना कुलपं लावली आणि तुझा मुलगा कधीपासून बोलावत होता म्हणून दीड महिना ऑरेगॉनला त्याच्याकडे राहून आले. परत येऊन पंधरवडा झाला. गाद्या उन्हात टाकल्या, भिंतींवरची बुरशी घासून काढली, नवरा न्हावा शेव्याहून शनिवारी आला आणि सोमवारी परत कामावर गेला. सगळं पहिल्यासारखं लागलं, फक्त तुझ्यावरचा राग कुठे ठेवायचा ते कळत नाही. इतकी वर्षं तो एका जागी होता. ती जागा गेली आणि राग तसाच उरला.

मला अजून दिसतं, आपल्या मागच्या पडवीत टेबलं मांडलेली आहेत. पुण्याची माणसं हरिहरेश्वरचं दर्शन आणि प्रदक्षिणा उरकून जेवायला बसली आहेत, मी आत भाकऱ्या भाजते आहे आणि तू सोलकढी वाढता वाढता अमेरिका सांगते आहेस. कुणीतरी म्हणतं, "काकू, तुमच्याकडे निसर्ग काय सुंदर आहे हो," आणि तेवढं निमित्त तुला पुरतं. "तो तर आहेच, पण मी तिकडची तीन राज्यं पाहिलीत," असं म्हणून तू ती राज्यं शेजारी शेजारी मांडतेस, मुलींच्या स्थळांसारखी. मिशिगन म्हणजे पेणकडची मिठागरं, नजर जाईल तिथवर पांढरं. तळं एवढं की पलीकडचा काठ दिसत नाही, पण समुद्र म्हणावं तर खारा वास नाही. ॲरिझोना म्हणजे आपली चिऱ्याची खाण, फक्त ती नदीने खणलेली, आणि संध्याकाळी तिला आतून दिवा लावल्यासारखा रंग चढतो. पण ऑरेगॉन सगळ्यांत सुंदर, हा तुझा निकाल ठरलेला. तिथली झाडं एवढी उंच की शेंडा बघताना मान दुखावी, तिथल्या पावसाला आवाज नाही, आणि ढग हटले की एकटाच उभा डोंगर, भर उन्हाळ्यात बर्फाने भरलेला.

मासळी घेऊन येणारी मावशी एकदा टोपली उतरवून हे ऐकत बसली होती. म्हणाली, "बरफ? म्हंजे आमच्या पेटीत असतो तसला?"

"त्याहून स्वच्छ गं."

"मंग तिकडच्या कोळणींची मजा हाय वयनी. म्हावरा इकला न्हाय तर डोंगरावर ठेवायचा नि दुसऱ्या दिवशी ताजा म्हणून पुन्हा बाजारात!"

सगळे हसले. तूही हसलीस. मी आतून ऐकत होते आणि मला तुझा हेवा वाटत होता, तो मी तव्यावरच्या भाकरीवर काढत होते.

पहिल्या दोन वेळा, आधी मिशिगनला आणि मग ॲरिझोनाला, तू सुनेच्या बाळंतपणाला गेलीस. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि चार पिशव्यांत गुंडाळलेले सुक्या कोळंबीचे सोडे, विमानतळावर वास येऊ नये म्हणून. तू परत आलीस की फोटो यायचे, ते मी बोर्लीच्या स्टुडिओतून काढून आणायची. तळ्याकाठी तुझा मुलगा, दरीच्या कठड्याशी सून, खांद्यावर नात. तू एकाही फोटोत नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "फोटो काढायला कुणीतरी नको का?" आणि ते मला पटलं. ज्या बाईला मोबाईल उलटा की सुलटा धरायचा हे शेवटपर्यंत कळलं नाही, तिने हे फोटो काढले, हे मला पटलं! माणसाला हेवा वाटत असला की त्याला काहीही पटतं.

तिसऱ्या वेळी, ऑरेगॉनला, बाळंतपण नव्हतं. सुनेला नवी नोकरी लागली होती आणि मुलांना उन्हाळ्याची सुट्टी होती, एवढंच. बाबांची उजवी बाजू लुळी पडून वर्ष झालं होतं. बोलणं जडावलेलं, पण मला कळायचं. तू बॅग भरत होतीस आणि मी दारात उभी होते. मी म्हटलं, "बाबांना असं टाकून जाणार?" तू वर न बघता म्हणालीस, "टाकून कुठे? सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. आणि तू आहेस ना." आयुष्यभर मला कामं सोपवताना तू एवढंच म्हणत आलीस. तू आहेस ना.

तू तिकडे असतानाच एका सोमवारी पहाटे बाबांचा श्वास लागला. डॉक्टर येऊन गेले, हलवण्यात अर्थ नाही म्हणाले. बाबा तुला मागत होते. नाव घेऊन नव्हे, नाव त्यांनी कधी घेतलंच नाही, नुसतं "तिला, तिला." तिकडे रविवारची दुपार कलत होती. मला वाटलं, निदान तुझा आवाज त्यांच्या कानाला लावावा. तुझ्या मुलाचा मोबाईल लागत नव्हता. मग त्याच्या घरचा नंबर शोधून काढला, तिथे आपण कधी करत नव्हतो. तो वाजत राहायचा, आपोआप बंद व्हायचा, मी पुन्हा लावायची. एका हातात बाबांचा हात आणि दुसऱ्यात रिसीव्हर. असे ते गेले. दोनेक तासांनी तुझ्या मुलाचाच फोन आला. "अगं ताई, डोंगरावर गेलो होतो, तिथे रेंज नसते."

तू बाराव्याला पोहोचलीस. पाहुणे पांगल्यावर मी तुला एकच प्रश्न विचारला, "तूही होतीस का डोंगरावर?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "हो." मी विचारलं, "कसा होता?" "छान होता. बर्फ होता." त्यानंतर तू जाईपर्यंत मी तुझ्याशी कामापुरतं बोलले. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाणी तापलंय. पर्यटकांना तू पुढेही राज्यं सांगत राहिलीस, पण ऑरेगॉन आलं की मी मुद्दाम भांडी आपटायची. तू त्या राज्यावरून भरभर पुढे जायचीस.

या वेळी तुझ्या मुलाच्या घरी मी तुझ्या जागेवर उभी राहिले, म्हणजे सिंकपाशी. सिंकच्या वर खिडकी आहे. तिच्यातून कुंपण दिसतं, कुंपणाबाहेर तीन उंच झाडं, आणि शेंडे बघायचे तर ओट्यावर वाकून मान वर करावी लागते. डोंगर दिसत नाही. तुझी नात आता कॉलेजात जाते, सुट्टीला घरी आली होती. मी भांडी विसळत होते आणि ती पुसत होती. मी सहज म्हटलं, "तुझ्या आजीला तुमचा तो डोंगर फार आवडायचा."

ती म्हणाली, "पण आत्या, आजी माउंटनला कधी आलीच नाही. ती घरीच असायची."

"कधीच नाही?"

"कुठेच नाही. आम्ही परत आलो की मला सांगायला लावायची. कलर काय होता, हात लावलास का, कसा लागला. सगळं दोनदा." तिने पुसलेलं ताट बाजूला ठेवलं. "ज्या दिवशी आजोबा गेले ना, त्या दिवशी मी पण घरी होते. मला फीव्हर होता. फोन सारखा वाजत होता. मी म्हटलं, आजी, उचल ना. ती म्हणाली, नको, मम्मीने सांगितलंय उचलायचा नाही. एकदा कुठल्या तरी सेल्सवाल्याशी आजीचा काहीतरी घोळ झाला होता. ती फोनच्या बाजूला खुर्ची घेऊन बसली होती. बंद झाला की म्हणायची, बघ, दमला बिचारा."

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. एवढंच केलं.

तुझ्या मुलाला मी जेवताना विचारलं. तो म्हणाला, "त्या दिवशी पोरीला ताप होता ना, म्हणून आई थांबली."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"तिचे गुडघे, ताई. आणि ॲरिझोनाला बाळ लहान होतं, ऊन सोसलं नसतं. तीच म्हणायची, तुम्ही जा."

"तू एकदा तरी म्हणालास, की आज आम्ही थांबतो, तू चल?"

"यात म्हणायचं काय? आई होती ती." त्याला खरंच कळलं नाही, आई. तुझ्या सुनेला कळलं, ती उठून पाणी आणायला गेली.

त्या आठवड्यात मी तुझी तिन्ही राज्यं पुन्हा डोक्यात मांडली आणि निवडत बसले, तांदूळ निवडावेत तशी. तळं, दरी, डोंगर हे ऐकीव. अधूनमधून तू सांगायचीस तो मिशिगनच्या कचऱ्याच्या डब्यावर टोपीसारखा बसलेला बर्फ तुझा. ॲरिझोनाच्या परसातली मातकट भिंत, जी संध्याकाळी पाच मिनिटं तांबडी होते, ती तुझी. आवाज नसलेला पाऊस तुझा. एवढ्यावर तू पुण्यामुंबईच्या माणसांना अमेरिका दाखवलीस. वाईट वाटायला हवं, वाटतंही. पण मला अजून राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. "फोन वाजत होता आणि मी शेजारी बसून राहिले," एवढं तू मला सांगितलं असतंस तर मी ओरडले असते, वाट्टेल ते बोलले असते, आणि मग कधीतरी आपण दोघी एकत्र रडलो असतो. तुला डोंगरावर होते म्हणणं सोपं गेलं. मौज करत होते, हा आरोप चालेल, पण सुनेने सांगितलेलं ऐकून गप्प बसले, हे लेकीला कळायला नको. तीन वर्षं माझ्या हातचं जेवलीस आणि तेवढं एक वाक्य तुझ्याने बोलवलं नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही, पण ते माझं मी बघेन.

निघायच्या आधीच्या रविवारी तुझा मुलगा म्हणाला, "चल ताई, आज डोंगर दाखवतो." नाही म्हणायचं मी मनात पक्कं केलं होतं. तू जिथे गेली नाहीस तिथे मी पाय ठेवणार नाही, असं काहीतरी मोठं. आणि मी चप्पल काढून बूट घातले. गाडीने वर गेलो, पुढे थोडं चाललो. गवतात जांभळी फुलं होती, वर बर्फ, आणि बर्फातून सुटून आलेलं पाणी दगडांवरून वाहत होतं. वारा असा की डोळ्यांत पाणी यावं. सावलीत उरलेल्या बर्फाला मी हात लावला, तो मऊ नव्हता, खडीसाखरेसारखा दाणेदार होता. मी एका दगडावर बसले, ते सगळे खाण्याचे डबे उघडेपर्यंत तिथेच बसून राहिले.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, तुझ्या मुलाला तर नाहीच, म्हणून लिहिते. तो डोंगर फार सुंदर आहे, आई. आणि मी तिथे बसले होते तेवढा वेळ मला तुझी आठवण आली नाही. बाबांचीही नाही.