बारा नळ्या, एकोणीस गुरुवार

२४ एप्रिल, गुरुवार
आज आइसलंडात उन्हाळ्याचा पहिला दिवस. सरकारी सुट्टी. बाहेर बर्फ.
पर्यावरण आणि नैसर्गिक साधनसंपत्ती या विषयातला माझा प्रबंध यंदा पूर्ण होणार, यात शंका नाही. प्रश्न सोपा आहे: दलदल सुकवायला खणलेले जुने चर बुजवले, तर पाणी परत वर येतं का? ओड्नी नावाच्या म्हाताऱ्या शेतकरणीच्या दलदलीत बारा नळ्या रोवल्यात. ऑगस्टअखेरपर्यंत दर गुरुवारी जाऊन पाणी मोजायचं. बस्स. मार्गदर्शक स्टेनुन म्हणाली, ही शेवटची मुदतवाढ. म्हणताना हसली. माझ्यावर विश्वास दिसतो.
सुरुवात पुढच्या गुरुवारी.

१ मे
कामगार दिन. सुट्टी. संशोधकही कामगारच.

८ मे
गेलो! एक नळी मोजली. दुसरीकडे जाताना डावा बूट दलदलीत गेला तो गेलाच. ओड्नीने कॉफी दिली, पॅनकेक दिले, नवऱ्याचे जुने लोकरी मोजे दिले. चर त्यानेच खणले होते, पन्नास वर्षांपूर्वी, सरकारी अनुदानावर. तेव्हापासून लांब चोचीची ती पाणपाखरं घराजवळ ओरडत नाहीत, म्हणाली. तो गेल्यावर चर बुजवले ते तिनेच, हट्टाने. पाणी चढलं तर मला सांगशील ना, म्हणाली, मी अठ्ठ्याहत्तरची आहे, तेव्हा जरा लवकर सांग. मी छातीठोकपणे हो म्हटलं.

१५ मे
सर्दी. कारण: बूट.

२९ मे
येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार. पुन्हा सुट्टी! या देशात सगळ्या सुट्ट्या गुरुवारीच का येतात? वार बदलावा का? नको. शास्त्रात सातत्य महत्त्वाचं.

१९ जून
सूर्य धड मावळतच नाही. मग सकाळ झाली हे माणसाला कळणार कसं?
दुपारी गरम पाण्याच्या हौदात बसून कार्यपद्धतीवर चिंतन. शेजारच्या निवृत्त मच्छीमाराने विचारलं, मोजून काय निघालं? म्हटलं, प्राथमिक कल आशादायक आहे. तो म्हणाला, म्हणजे गेला नाहीस. उद्धट माणूस.

१० जुलै
स्टेनुनने आलेख मागितला. लगेच पाठवला. तिचं उत्तर: ब्रागी, यात एकच टिंब आहे. कळवलं, एका टिंबातून अगणित रेषा जातात. त्यावर उत्तर नाही. विचारात पडली असावी.

२८ ऑगस्ट, गुरुवार
आज गेलो. शेवटचा आकडा मिळाला की मधले अंदाजाने भरता येतील, असा बेत.
ओड्नीने कॉफी ओतली आणि टेबलावर वही ठेवली. लग्नापासून रोज लिहिते: वारा, मेंढ्या, पाणी. इकडचे सगळेच म्हातारे लिहितात. माझी आजीही लिहायची. विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं. एकोणीस गुरुवार, बाराही नळ्या, काठीवर खुणा करून मोजलेल्या. तू येतो म्हणालास, आला नाहीस, म्हणून मी गेले. कुणीतरी जायला नको का रे, म्हणाली. पाणी एकतीस सेंटिमीटर चढलंय. जूनमध्ये पाखरं ओरडली, तेही लिहिलंय. नवऱ्याला सांगायला हवं होतं, म्हणाली.
मला लाज वाटली. खरंच वाटली.
घरी येताना लक्षात आलं: याला लोकसहभाग म्हणतात. तो मीच घडवून आणला.

११ सप्टेंबर, गुरुवार
प्रबंध यंदा नाही. स्टेनुन म्हणाली, आकडे सुंदर आहेत, पण तुझे नाहीत. शोधनिबंध ओड्नीच्या नावाने निघेल. विभागात व्याख्यानही तीच देणार. तिला गाडीतून आणायची जबाबदारी माझी. वही टाइप करायचीही.
सतरा गुरुवारांच्या नोंदींखाली तेच वाक्य: ब्रागी आला नाही. सतरा वेळा टाइप केलं. स्टेनुन म्हणते, काहीही गाळायचं नाही.
उरल्या दोन. आठ मे: ब्रागी आला. एक नळी, सहा पॅनकेक.
अठ्ठावीस ऑगस्ट: ब्रागी आला. मोजे आणले नाहीत.
मोजे आत्ता माझ्या पायात आहेत.