चिमणी फुटली

४ मार्च
माळवदावरची माती वाळून भेगाळली, तिने चुलीची चिमणी ओढली. नळीचा सांधा उघडला. सगळा धूर घरात. औंदा तुराट्या नाहीत, ओली बाभूळ जाळतो. नळीत काजळीचा डांबरासारखा थर. सून कुसुमला सातवा लागला. खोकते. मागचे बाळ पोटातच गेले, म्हणून जास्त धास्ती. शेजारचे शिवाप्पा नांदेडला निघाले, तिथे नोकरीला असलेल्या माझ्या वसंताला, तिच्या नवऱ्याला, निरोप दिला: चिमणी फुटली, नवी घेऊन ये.

९ मार्च
वसंता आला. पिशवीतून काढले काय, तर रॉकेलची पत्र्याची चिमणी. वातीसकट.
"तूच सांगून धाडलंस की, आई!"
"धूर जायची चिमणी, गाढवा."
कु. हसली, मग खोकत खाली बसली. वसंता उद्या परत, नोकरीवर.

११ मार्च
मैनोद्दीन मिस्त्री वर चढला. "बाई, हिच्यात तर खरीच चिमणी राहून राहिली!" घरटे काढायला लावले. कु. खालून ओरडली, "अंडी हायत का?"
नाहीत, मी म्हणाले.
होती.
सांधा सिमेंटने भरला. "रोज पाणी मारा, न्हाईतर तडकंल."

१५ मार्च
टँकर नाही. जिल्हा नवा झाला. आमचे गाव कुणाच्या यादीत, हे अजून ठरायचे आहे. अंघोळ सोडली, ते पाणी सांध्यावर. दोन दिवस पुरले. बाहेर चूल मांडून पाहिली. वावटळीने जाळ कडब्याकडे धावला. बंद.
कु. म्हणते, "असू द्या आत्याबाई, सवय हाय मला."
झापले. सवय कसली.

१९ मार्च
तडकला. आधी केसाएवढी भेग, आता बोट जाते. मिस्त्रीला बोलावून काय करू? सिमेंट कालवायला पाणी कुठले. लग्नाआधी कॉलेजात होते, तेव्हा फुप्फुसाची आकृती काढली होती, छान निघाली म्हणून बाईंनी वर्गात दाखवली. आज ती सारखी डोळ्यांसमोर.

२२ मार्च
कु. म्हणाली, "आत्याबाई, कालपासून हालंना."
पोटाला कान लावला. कळले नाही काही. माझेच काळीज वाजत होते.
आज दुपारच्या एसटीने तिला लातूरला न्यायचे, दवाखान्यात. वसंताला निरोप, शिवाप्पांकडूनच. या वेळी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतला.
चूल पेटवलेली नाही. घरात धूर नाही.
नळीवर चिमणी पुन्हा काडी घेऊन आलेली. हाकलायला हात उचलला, तसाच राहिला. कु. बघत होती.
"त्या दिशी अंडी व्हती न्हवं?"
लुगडी, तांब्या, घोंगडे. जुने मऊ धडपे पण घेते आहे, बाळाला लागले तर.