गाडी अजून गॅरेजमध्येच आहे

इपोह, १८ जानेवारी

आदरणीय आबा,

सलाम. हे पत्र सेनाह काकू वाचून दाखवत असतील, त्यांनाही सलाम. काकू, मागच्या पत्रातला 'पंप' तुम्ही 'पाप' वाचलात आणि आबा दिवसभर हसत होते असं कळलं. म्हणून या वेळी अक्षर मोठं काढलंय.

डोळे कसे आहेत? थेंब घालता ना?

गाडीचं सांगतो. पुढचे दोन्ही हवेचे स्प्रिंग गेले. रात्रभरात हवा निघून जाते आणि सकाळी पाहावं तर गाडी चिखलातल्या म्हशीसारखी पोट टेकून बसलेली. चालू केली की कण्हत उठते. फू मेकॅनिकने नव्या जोडीचे सहा हजार रिंगिट सांगितले. माझा चेहरा बघून म्हणाला, "रावांगला जपानहून कापून आलेल्या गाड्यांचं भंगार असतं. तिथे दीड हजारात मिळेल. किती दिवस टिकेल ते मात्र विचारू नकोस."

त्याशिवाय गिअर बदलताना ती मागून कुणी ढकलल्यासारखी दचकते. इंजिनातून तेल झिरपून जळका वास येतो. मागच्या दाराची काच आत पडलीय, ती लाकडाची पाचर मारून वर धरलीय. फू म्हणतो, "म्हातारी राणी घरात आणलीस, आता तिचे नखरे सोस. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पार्टची नाही उतरत. बारा हजाराचं गिऱ्हाईक आहे, देऊन टाक." मी म्हटलं, सासऱ्यांनी दिलेली गाडी आहे. तर म्हणतो, "मग त्यांनी तुझ्यावर कसला तरी सूड उगवलाय!"

रोहाना ठीक आहे. जोहोरच्या हॉस्पिटलात काम फार असतं. मीही बरा आहे. संध्याकाळी घरात बसवत नाही, म्हणून गॅरेजवर जाऊन उभा राहतो.

रोजे सुरू व्हायच्या आधी दोघांनी गाडी घेऊन या, अम्मांच्या कबरीवर जायचंय, असं तुम्ही लिहवून घेतलंत. बघतो. आधी गाडी तर उभी राहू दे.

तुमचा,
इझवान

०

गेरिक, २७ फेब्रुवारी

आदरणीय आबा,

सलाम. काकू, हे वाचताना शेजारचं कुणी ओसरीवर बसलेलं नाही ना, ते आधी बघा.

आबा, मी तुमच्याकडेच निघालो होतो. एकटाच. घाटाच्या अलीकडे इंजिनच्या उष्णतेचा काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. पाण्याचा पंप गेलाय. इथल्या मेकॅनिकने आत डोकावून भावाला हाक मारली, भावाने मेव्हण्याला. तिघांनी मिळून बघितलं आणि म्हणाले, "एवढी महागडी गाडी कधी उघडली नाही बुवा." इपोहहून पंप मागवला, तो चुकीचा आला. दुसरा येईपर्यंत लॉजवर पडून राहवत नाही. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतो. केळीवाली बाई आता मला नावाने ओळखते.

गाडीचं लिहून झालं. आता पुढचं.

नोव्हेंबरात काझीच्या कोर्टात रोहाना आणि मी वेगळे झालो.

ती म्हणाली होती, "आबांना मी समोर बसून सांगेन, तू लिहू नकोस." आधी तिला रजा मिळेना. मग रजा मिळाली तर धीर होईना. निघायच्या आदल्या रात्री मी तिला फोन केला. म्हटलं, "त्यांनी दोघांना बोलावलंय. काय करू?"

"मला नाही जमत, इझवान. तू जा. तूच सांग."

"वडील तुझे आहेत."

"बोलतात तर तुझ्याशीच!"

आमचं मोठं भांडण असं झालंच नाही. तिची बदली जोहोरला झाली, मी इपोह सोडलं नाही. एका शुक्रवारी गिअरबॉक्समुळे तिच्याकडे जाता आलं नाही, दुसऱ्या शुक्रवारी बॅटरीमुळे. पुढे गाडी धड असली तरी पाय निघेना. ती एकदा म्हणाली, "तुझी गाडी बरोबर माझ्याकडे यायच्या दिवशीच बिघडते!" मी हसलो. ती हसली नव्हती.

गाडी तुम्ही जावयाला दिली होती. ती परत करायला येतोय. मला घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नको असेल तर किल्ली काकूंकडे देऊन बसने परत जाईन. मनात काही धरणार नाही.

इझवान

०

पासिर पुतेह, ६ मार्च

रोहाना,

सलाम. आबांना सांगितलं.

पंप शनिवारी बसला. घाट उतरेपर्यंत माझी नजर रस्त्यावर कमी आणि त्या काट्यावर जास्त होती. दुपारी पोहोचलो. आबा ओसरीवर बसले होते, माझं पत्र त्यांच्या खिशात, फोडलेलं. सेनाह काकूंनी पहिल्या काही ओळी मोठ्याने वाचल्या, पुढच्या मनात वाचल्या आणि घडी घालून परत दिलं. "हे मी नाही वाचणार," म्हणाल्या, "लिहिणारा येतोच आहे, त्याच्याकडूनच ऐका." दोन दिवस आबांनी ते दुसऱ्या कुणाकडेही नेलं नाही.

"आलास? गाडी लांबूनच खोकत येत होती. बस. वाच."

"आबा, मी तोंडीच सांगतो ना."

"तोंडी तू गाडीचंच सांगत बसशील. लिहिलंयस ते वाच."

वाचलं. केळीवालीपर्यंत आवाज नीट होता. पुढे थांबलो की ते काठी आपटायचे. "हं. पुढे."

संपल्यावर पत्र परत घेऊन खिशात ठेवलं. मग विचारलं, "ती जेवते का वेळेवर?"

"माहीत नाही, आबा."

"तुला माहीत नाही, म्हणजे खरंच वेगळे झालात."

मग उठले, हाताने चाचपडत गाडीपाशी गेले, माझ्या शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चालू कर." मान वाकडी करून इंजिन ऐकलं. "विकून टाक."

"तुमची गाडी, आबा..."

"माझी होती तेव्हा लाकडाचा धंदा होता, डोळे होते. तुम्ही दोघं वरचेवर यावं म्हणून तुला दिली. ती तुला वाटेतच अडवून ठेवते. बसने येत जा."

"कुठल्या नात्याने येऊ?" माझ्या तोंडून निघून गेलं.

असे संतापले! "डोळ्याने मी अधू झालोय आणि आंधळा तू? दर महिन्याला पत्र लिहीत होतास, तेव्हा काय नातं बघून लिहीत होतास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मांच्या कबरीवर गेलो. मी गवत उपटलं, त्यांनी पाणी शिंपडलं. दुवा झाल्यावर अम्मांना म्हणाले, "दोघांना बोलावलं होतं. एक आलाय." हे तुला सांगावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला.

गाडी कोटा भारूच्या भंगारवाल्याला साडेआठ हजाराला दिली. बारा हजाराचं गिऱ्हाईक इपोहला होतं, पण पुन्हा घाट चढायची तिची आणि माझी दोघांचीही ताकद नव्हती. त्या पैशांवर आबा डोळ्यांच्या ऑपरेशनला तयार झालेत. एप्रिलच्या मध्यावर होईल. सोबत कुणीतरी लागेल. मी येऊ शकतो. पण पट्टी सोडल्यावर त्यांना पहिला चेहरा माझा दिसावा, हे मला बरोबर वाटत नाही.

ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. रागावले असते तर तुलाही सोपं गेलं असतं. संध्याकाळी रस्त्याने कुठलीही गाडी गेली की मान वर करतात, आणि ती पुढे निघून गेली की चहा मागतात.

मी समोर असल्याने तुला अवघड होणार असेल तर मी त्या दिवसांत इकडे फिरकणार नाही. आबांना तसं सांगितलंय, आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्यात.

तुला लिहिलेल्या पत्राखाली आता काय लिहायचं असतं, मला ठाऊक नाही. तू ये, एवढंच लिहितो.

इझवान