रिकाम्या कॅमेऱ्यापुढं बसलेली बाई

मामाजी, तुमच्यावरचा माझा राग अजून गेला नाही. राग कसला, शिसारीच म्हणा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, दिग्रसच्या बाजारातलं तुमचं फोटोचं दुकान आता मीच चालवते, तरी कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली डोकं घातलं की तुमच्या तंबाखूचा वास येतो. स्वतः धोतराच्या सोग्यानं भिंग पुसायचात आणि मला दम द्यायचात, "सूनबाई, भिंगाले बोट लावू नको!"

आपला विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्या सालची गोष्ट. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया पुरुषापुढं तोंड उघडं करून बसत नव्हत्या, गिऱ्हाईक दारातून परत जात होतं, तेव्हा तुम्हाला घरातली सून आठवली. शिकवायची हौस तुम्हाला कुठली! मी तिसरीत शाळा सुटलेली, मी आपली खूश. तुम्ही कॅमेरा दिला, पण फोटो ज्या काचेवर उतरतो ती काच दिली नाही. मी म्हटलं, "काचेबिगर फोटो कसा निघन?" तर म्हणे, "काढाले सांगतलं कोनं? पह्यले हात बसू दे." झालं. रोज चूल आटोपली की मी लोडाला आरशांचा जुना घागरा गुंडाळायची, खुर्चीवर बसवायची, फडक्याखाली शिरायची. भिंगाची टोपी काढ, टोपी लाव. घागऱ्याच्या आरशावर उजेड पडला की फोटोत पांढरा डाग येतो आणि तोंडच खाऊन टाकतो, म्हणून खुर्ची वळव, पडदा ओढ, पुन्हा टोपी. वर तुमच्या फोटोच्या काचा औषधात धुऊन माझी नखं काळी. आत्याबाई सुनेच्या हातची भाकर दुरडीत वेगळी काढून ठेवायच्या, आणि सारा बाजार माझा हा लोडाचा खेळ पाहून हसायचा.

मग ती भेटली. तांड्यावरची म्हातारी, बाजाराच्या दिवशी जळतणाची मोळी विकून आपल्या ओट्यावर टेकायची. कानाशी चांदीचे घुंगरू, दंडापर्यंत बांगड्या. मी म्हटलं, "बसता का व बाई माह्यापुढं? पन डब्यात काही नाही, खाली हाय." म्हणाली, "चहा पाज, मंग तुहा डबा खाली असो का भरेल." तेव्हापासून दर बाजाराला बसायची. एकदा मला विचारते, "मी कशी दिसते व तुले?"

"उलटी. पाय वर, डोकं खाली."

"अवं माय! अन् माहा घागरा?"

"घागरा जागच्या जागी हाय!"

दोघी अशा हसलो की कॅमेऱ्याची तिपाई हलली. तुम्ही आतून ओरडलात, "हसाचं असन तं घरी जाऊन हसा!"

एका बाजाराला ती बसली आहे, दाराकडून उजेड येतो आहे, घुंगरू थांबलेत, एकही आरसा चमकत नाही. मला कळलं. मी पळत आत आले, "मामाजी, आज काच द्या. आज निघन." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आज निघन म्हंजे उद्या नाही निघनार. रोज निघन तवा माग." ती चहा पिऊन गेली. पुढच्या बाजाराला आलीच नाही. तापानं गेली.

मग तिची पोरं आली, थोराड, फेटे बांधलेली. "याडीचा, आमच्या मायचा, फोटो द्या. तुमच्या सुनेनं लय येळा काढला." मी तुमच्याकडं पाहिलं. कॅमेऱ्यात काचच नव्हती, एवढंच तुम्ही सांगायचं होतं. तुम्ही काय सांगितलं? "सुनेच्या हातून बिघडले सारे." थोरला माझ्याकडं पाहून पायरीवर थुंकला. तुम्ही पानाला चुना लावत बसलात. थू! त्यानंतर तांड्यावरचं कुणी आपली पायरी चढलं नाही.

परवा तिची लेक आली. म्हणाली, "लोक म्हनते मी याडीवर गेली. माहाच काढा, घरात लावाले." मी काच घातली. हात आपले आपण चालले. खुर्ची किती वळवायची, पडदा कुठवर ओढायचा, घुंगरू थांबेपर्यंत दम कसा धरायचा, काही आठवावं लागलं नाही. एकाच काचेत निघाला, डाग नाही की काही नाही. तिनं फोटो छातीशी धरला. तुमचं ते रोजचं टोपी काढ टोपी लाव खरं ठरलं, मामाजी, आणि त्याचाच मला संताप येतो. ज्या बाईवर हात बसला तिचा फोटो नाही.

मी तिला सांगून टाकलं, "तुह्या मायचे फोटो बिघडले नव्हते. काचच नव्हती."

ती म्हणाली, "मले ठाऊक हाय. खाली डब्यापुढं बसते म्हनून याडी घरी येऊन हसे. भावायनं मले इचारलंच नाही. पन तुमच्या सासऱ्यानं असं काहून सांगतलं?"

इतकी वर्षं याच सवालाची वाट पाहिली होती मी. सगळं तोंडात तयार होतं. आणि मी काय म्हटलं? "म्हातारं मानूस, ध्यानात नसन राह्यलं." हे पत्र तर कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. तुम्हाला असं पाठीशी का घातलं ते मलाही कळलं नाही.